सीमा बदलली, करार कुणाचा?

संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. भाषा, मुंबई, बेळगाव, डांग, सत्याग्रह, हुतात्मे या सगळ्यांची नोंद त्यात सापडते. विजेच्या तारा मात्र माझ्या वाचनात फारशा आल्या नाहीत. गावाचा जिल्हा एका अधिसूचनेने बदलतो. त्या गावाला वीज कुठल्या केंद्रातून येते, हे अधिसूचनेने बदलत नाही. म्हणून हद्द सरकली की पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहतो तो वीजपुरवठ्याच्या कराराचा. मी वकील नाही आणि अभियंताही नाही. तरीही कायद्याचा मसुदा हा एक मजकूर आहे आणि अन्य कोणत्याही मजकुराप्रमाणे त्याची समीक्षा करता येते, या समजुतीने काही मसुदे इथे तपासतो.

मुंबई राज्याचे वीज मंडळ नोव्हेंबर १९५४मध्ये स्थापन झाले. दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि नागपूरजवळचे खापरखेडा वीजकेंद्र एका रात्रीत दुसऱ्या राज्याचे झाले. पुढे १९६०मध्ये राज्याबरोबर मंडळही विभागले गेले व २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यांत अशा प्रसंगासाठी एक कलम असते. त्याचा आशय असा, की वीज देणारे केंद्र एका राज्यात राहिले आणि वीज घेणारा भाग दुसऱ्या राज्यात गेला, तर आधीची व्यवस्था शक्य तितपत चालू राहावी यासाठी केंद्र सरकारने निर्देश द्यावेत.

हे कलम नीट वाचले की त्याची मर्यादा दिसते. ते ‘व्यवस्था’ सांभाळते, करार सांभाळत नाही. दिवे विझू नयेत एवढी काळजी त्यात आहे. पण दर कोणी ठरवायचा, जुनी थकबाकी कोणी फेडायची, नव्या केंद्राचा खर्च कोणाच्या माथी, यावर ते गप्प आहे. ‘शक्य तितपत’ या शब्दांत सगळा भार दिल्लीच्या विवेकावर टाकलेला आहे. सीमा माहीत असताना लिहिलेली व्यवस्था कशी असते, हे पाहायचे तर तारापूर पाहावे. १९६९मध्ये सुरू झालेल्या या अणुवीजकेंद्राची वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. केंद्र कोणाच्या भूमीवर आहे, यावर वाटा अवलंबून ठेवला नाही.

आता २०१४चा आंध्र प्रदेश पाहू. तिथे मसुदाकारांनी बरीच सुधारणा केली. जुने वीजखरेदी करार दोन्ही राज्यांना लागू राहतील असे कायद्यातच म्हटले आणि मागील वापराच्या आधारे तेलंगणाला ५३.८९ टक्के, आंध्राला ४६.११ टक्के असे प्रमाण ठरले. करार कायदेशीरपणे टिकला. तरी जून २०१७मध्ये आंध्रच्या कंपनीने थकबाकीचे कारण देऊन तेलंगणाचा पुरवठा थांबवला. पैशांचा वाद ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने आदेश काढण्यापर्यंत गेला. प्रमाण लिहिले होते. पैसे न मिळाल्यास पुढे काय, याची तजवीज मात्र पुरेशी नव्हती.

आपल्याकडे ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. २००३च्या वीज कायद्यातील तरतुदीमुळे मंडळाचे करार त्यांच्या वारस कंपन्यांवर बंधनकारक झाले. खारघरच्या ग्राहकाला नवी सही करावी लागली नाही. बिलावर महावितरण हे नाव आले. एका पक्षाच्या जागी एकच वारस असेल तर करार असा सहज पुढे जातो. खरी अडचण एकाच्या जागी अनेक येतात तेव्हा सुरू होते.

२०२२मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, खारघर, तळोजा, उरण या पट्ट्यात समांतर वितरण परवान्यासाठी राज्य वीज नियामक आयोगाकडे अर्ज केला. ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचारी त्याविरुद्ध संपावर गेले व त्याच दिवशी चर्चेनंतर संप मागे घेतला गेला. त्या दिवसांतली चर्चा सरकारी विरुद्ध खासगी एवढ्यातच फिरली. मला त्यात करार कुठे दिसला नाही.

महावितरणने घेतलेली वीज बव्हंशी दीर्घ मुदतीच्या करारांची आहे. असे करार अनेकदा पंचवीस वर्षांचे असतात. केंद्र वीज द्यायला तयार असेल तर ती उचलली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. तळोज्यातले कारखाने आणि खारघरमधल्या मोठ्या सोसायट्या उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेल्या, तर करार रद्द होत नाही. तो पूर्ण वैध राहतो. फक्त त्याचा भार उरलेल्या ग्राहकांवर पडतो आणि त्यांत परभणीचा, यवतमाळचा घरगुती ग्राहकही असतो. वैधता टिकवणे म्हणजे न्याय टिकवणे नव्हे, हे इथे उघड होते.

८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात याची जाणीव होती. एका क्षेत्रात अनेक परवानाधारक आले तर जुन्या खरेदी करारांची वीज आणि खर्च सर्वांत वाटून घ्यावा, अशी तरतूद त्यात होती. १९६०च्या ‘शक्य तितपत’पेक्षा हे पाऊल निश्चित पुढचे होते. विधेयक संसदीय समितीकडे गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर बारगळले.

या सर्व मसुद्यांना मी तीन प्रश्न लावतो. वीज नेमकी कोणत्या बिंदूवर हातात दिली जाणार? भार कोणत्या प्रमाणात वाटला जाणार? आणि पैसे थकले तर पुरवठा न तोडता ते कसे वसूल होणार? १९६०चा मजकूर तिन्हींवर मौन बाळगतो, २०१४चा दुसऱ्यापर्यंत पोहोचतो, तिसऱ्याशी येऊन सगळेच अडखळतात. वितरण परवान्याच्या अर्जाची जाहीर सूचना देणे आणि त्यावरील हरकती विचारात घेणे कायद्याने आवश्यक आहे. आमच्या पट्ट्यातल्या ग्राहकांनी तिथे दर किती स्वस्त मिळणार एवढेच विचारू नये. आपण बाहेर पडलो तर जुन्या कराराचे आपल्या वाट्याचे ओझे कोण उचलणार, हेही लेखी विचारावे. उत्तर कदाचित आपल्याच बिलात वाढ करणारे असेल. तरीही विचारावे.