‘दरड कोसळली’ : एका अकर्मक वाक्याची चिकित्सा

‘दरड कोसळली’ हे वाक्य मराठी वाचकास दर पावसाळ्यात भेटते. व्याकरणदृष्ट्या त्यात काहीच उणे नाही. ‘कोसळणे’ हे क्रियापद अकर्मक असून ‘दरड’ हाच त्याचा कर्ता होय. ‘भिंत पाडली’ असे म्हणताच ती कोणी पाडली, ही अपेक्षा उत्पन्न होते. ‘दरड कोसळली’ या वाक्यात तशी अपेक्षा उत्पन्न होत नाही. डोंगरउतारांवर वाढत जाणाऱ्या शहरांच्या बाबतीत हा प्रश्न व्याकरणापुरता मर्यादित राहत नाही. ज्या घटनेस कर्ता नाही तिला प्रतिबंधही नाही, असा समज या वाक्यरचनेच्या आश्रयाने दृढ होतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे हाँगकाँगच्या उदाहरणावरून तपासता येते.

हे शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसले आहे. तेथील ग्रॅनाइट व ज्वालामुखीजन्य खडक उष्ण आणि दमट हवेमुळे खोलवर झिजून मातीसारखे ठिसूळ झालेले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकवस्ती झपाट्याने वाढली, सपाट भूमी मात्र तुटपुंजी होती. तेव्हा डोंगर कापून आणि दऱ्या बुजवून जागा करण्यात आली. १९७२ च्या जून महिन्यात १६ ते १८ या तीन दिवसांत साडेसहाशे मिलिमीटर पाऊस झाला. १८ तारखेस दुपारी साऊ माऊ पिंग येथे रस्त्याच्या भरावाचा उतार खालच्या वस्तीवर आला व ७१ माणसे दगावली. त्याच दिवशी रात्री पो शान मार्गावर घसरत आलेल्या डोंगराने बारा मजली इमारत पाडली. तेथे ६७ जण मृत्युमुखी पडले. पुढे २५ ऑगस्ट १९७६ रोजी साऊ माऊ पिंग येथेच दुसरा भराव खचून १८ बळी गेले. भरावाची माती थराथराने दाबून न बसविता नुसती ओतलेली होती. त्या सैल मातीत पाणी मुरताच ती चिखलासारखी वाहू लागली, असे निदान झाले. पाऊस निमित्त झाला. माती ओतणारे हात माणसांचेच होते.

१९७७ मध्ये या कामासाठी स्वतंत्र भूतंत्र नियंत्रण कार्यालय स्थापन झाले. नव्या बांधकामांचे उतार तपासणे, जुन्या धोकादायक उतारांची दुरुस्ती करणे आणि वेधशाळेच्या साहाय्याने अतिवृष्टीच्या वेळी इशारा देणे, ही त्याची प्रमुख कामे होत. भाषाभ्यासकास मात्र त्याची उतारांची नोंदवही अधिक लक्षणीय वाटेल. तीत आज सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतारांची नोंद आहे. प्रत्येकास क्रमांक असून तो दर्शविणारी पाटी उतारावरच लावलेली असते. क्रमांकाचा पहिला भाग नकाशातील स्थान सांगतो आणि त्यापुढील अक्षर उताराचा प्रकार सांगते : ‘सी’ म्हणजे कापलेला, ‘एफ’ म्हणजे भरलेला, ‘आर’ म्हणजे संरक्षक भिंत.

या एका अक्षराचे महत्त्व मोठे आहे. मराठीतील ‘भराव’ किंवा ‘काप’ हे शब्द ‘भरणे’, ‘कापणे’ या सकर्मक धातूंपासून सिद्ध झाले आहेत. त्यांच्या अर्थातच कोणीतरी करणारा गृहीत आहे. ‘दरड’ या शब्दात तो नाही. हाँगकाँगच्या नोंदवहीने उताराच्या नावातच मानवी क्रिया नोंदविली, आणि त्यापुढील पायरी म्हणून १९९० नंतरच्या दशकात प्रत्येक उताराच्या देखभालीचे उत्तरदायित्व कोणाकडे आहे, हेही निश्चित करण्यास आरंभ केला. शासनाकडील उतार शासनाने आणि खासगी मालकांकडील उतार त्या मालकांनी राखावेत, असा दंडक आहे. मानवनिर्मित उतारांपासूनचा एकंदर धोका १९७७ च्या तुलनेने २०१० पर्यंत चतुर्थांशाहून कमी झाला, असे तेथील शासनाचे अनुमान आहे.

तथापि या पद्धतीस परिपूर्ण मानणे युक्त होणार नाही. नाव दिले म्हणजे वस्तू कळली असे होत नाही. २३ जुलै १९९४ रोजी क्वुन लुंग लाऊ येथील जुनी दगडी भिंत कोसळून पाच जण मृत्यू पावले. ती भिंत पूर्वी मानली गेली होती त्याहून पातळ निघाली आणि तिच्यामागे पुरलेल्या नळांतून पाणी झिरपत होते, असे नंतर उघड झाले. शिवाय मानवनिर्मित उतारांची नोंदवही नैसर्गिक डोंगराविषयी मौन पाळते. २००८ च्या जूनमधील अतिवृष्टीत लांटाऊ बेटावर नैसर्गिक उतार दोन हजारांहून अधिक ठिकाणी घसरले. अशा उतारांच्या धोक्यास २०१० पासूनच्या कार्यक्रमात पद्धतशीर स्थान मिळाले. ७ सप्टेंबर २०२३ रोजी रात्री एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस झाला. १८८४ पासूनच्या नोंदींत हा उच्चांक होय. त्या पावसानंतर ताय ताम भागातील एका सधन वसाहतीखालचा उतार घसरला आणि तेथील घरांची अनधिकृत बांधकामे व सरकारी जमिनीवरील अतिक्रमण उजेडात आले.

हा शेवटचा दाखला मराठी भाषकांस विशेष विचारणीय आहे. घाटकोपरच्या आझाद नगरात १२ जुलै २००० रोजी सत्तरच्या आसपास माणसे गाडली गेली. चेंबूरच्या भारत नगरात १८ जुलै २०२१ रोजी संरक्षक भिंत झोपड्यांवर पडून १९ जणांचे प्राण गेले. अशा प्रसंगी आपल्या लेखनात दोनच पदे आढळतात : ‘दरड’ आणि ‘अतिक्रमण’. पहिल्या पदात कर्ता नसतो. दुसऱ्यात असतो, पण तो बहुधा मेलेला झोपडीवासीच असतो. पायथा कोणी कापला, भिंतीत पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे होती किंवा नाही, ती साफ राखणे कोणाचे काम होते, हे प्रश्न त्या दोन पदांच्या मधल्या पोकळीत नाहीसे होतात.

हाँगकाँगची व्यवस्था मुंबईस जशीच्या तशी लागू पडेल, असे म्हणता येणार नाही. मुंबईत डोंगराची जमीन अनेक संस्थांत आणि मालकांत विभागलेली आहे. परंतु नोंदीची भाषा बदलण्यास त्या विभागणीचा अडथळा नाही. जेथे भराव खचला तेथे ‘भराव खचला’ असे लिहावे. जेथे काप ढासळला तेथे ‘काप ढासळला’. जेथे भिंत पडली तेथे ‘भिंत पडली’. अशा वाक्यांनी डोंगर स्थिर होणार नाही. मात्र भराव कोणी घातला, हा प्रश्न त्यांतून आपोआप उद्भवेल आणि त्याचे उत्तर पुढील पावसाळ्यापूर्वी कोणाला तरी द्यावे लागेल.