हेरिमनची वीट आणि चरित्राची किल्ली

जॉर्ज हेरिमन (१८८०–१९४४) याच्या ‘क्रेझी कॅट’ (१९१३–१९४४) या अमेरिकी वृत्तपत्रीय चित्रमालिकेत उंदीर वीट फेकून मारतो आणि मांजर तो प्रहार प्रेमाची खूण मानते. गोरा म्हणून वावरलेल्या हेरिमनची न्यू ऑर्लिन्समधील जन्मनोंद ‘कलर्ड’ अशी होती, हे १९७१ मध्ये उघड झाले. तेव्हापासून काळ्या मांजराच्या अनिश्चित लिंगात आणि प्रसंगी पालटणाऱ्या रंगात समीक्षक त्याचा दडवलेला वंश वाचतात. हे वाचन उपेक्षणीय नव्हे. परंतु चरित्र हीच संहितेची एकमेव किल्ली मानली, तर विटेचा अर्थ कायमचा निश्चित होतो. मालिकेत मात्र चौकटीगणिक पार्श्वभूमीदेखील बदलते. उंदराचा द्वेष आणि मांजराचे प्रेम एकाच विटेत नांदतात. ज्या वर्गवारीतून हेरिमन आयुष्यभर निसटला, तीतच त्याची कृती बंद करणे ही समीक्षेची हार होय.