‘आंग्स्ट’ कोणाचा?

कवी जरा उदास दिसला की आमचे समीक्षक ‘आंग्स्ट’ हा जर्मन शब्द त्याला चिकटवून मोकळे होतात. वास्तविक किर्केगॉरने १८४४ मध्ये (आपल्या डॅनिश भाषेत) व पुढे हायडेगरने १९२७ मध्ये एक भेद स्पष्ट केला होता: भीतीला विषय असतो, ‘आंग्स्ट’ला नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात हा भेद मला नीट उमगतो. तेथे पहाटे मोहफुले वेचणारी बाई वाकलेली असते, पाठ झाडीकडे. तिची भीती नेमकी, चार पायांची. तिच्यावरील कवितेत ‘आंग्स्ट’ शोधणे म्हणजे वाघच पुसून टाकणे होय.

‘धास्ती’ हा प्रतिशब्द मला जवळचा वाटतो. धास्तीने छाती आवळते, आणि आवळणे तर ‘आंग्स्ट’च्या मुळातच आहे. अरुंदपणाचा अर्थ असलेल्या त्याच धातूपासून ऋग्वेदातला ‘अंहस्’ आला. म्हणजे पाहुणा भाऊबंदच निघाला! परंतु धास्ती म्हटली की मराठी माणूस विचारणारच, कोणाची? शहरी कवीला उत्तर सुचत नसेल तर तेथे जर्मन शब्द खुशाल राहू द्यावा. मोहाखाली उत्तर ताबडतोब मिळते.