ग्रंथसूचीचा पक्ष

अमेरिकी राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ग्रंथालये ज्या वाचनसूची सिद्ध करतात, त्यांच्याकडे समीक्षेने सहसा संहिता म्हणून पाहिलेले नाही. सूचीला स्वतःची भूमिका नसते, असे गृहीत धरले जाते. यादवी युद्धानंतरच्या ‘पुनर्रचने’चा कालखंड ड्यूई दशांश पद्धतीत ९७३.८ या वर्गांकाखाली येतो. क्लॉड बाउअर्स यांचा ‘द ट्रॅजिक एरा’ (१९२९) आणि डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ (१९३५) तेथे एकाच फळीवर नांदू शकतात. एकाच्या लेखी पुनर्रचना हा दक्षिणेवर ओढवलेला अनर्थ. दुसऱ्याच्या लेखी लोकशाहीचा एक थोर, पण मोडून काढलेला प्रयत्न. वर्गांकाला हा भेद कळत नाही.

ड्यू बॉइस यांची ग्रंथसूची मात्र तो उघड करते. कृष्णवर्णीयांविषयी लेखकाची धारणा काय, या निकषावरच तिच्यात लेखकांचे गट पाडले आहेत. कृष्णवर्णीयांना जन्मतः नागरिकत्वास अपात्र मानणारे ‘प्रमाण’ लेखक एका गटात, दक्षिणेच्या समर्थनार्थ तथ्ये निवडून घेणारे प्रचारक दुसऱ्यात, बरे-उदासीन इतिहासकार आणखी वेगळे. ‘प्रमाण’ या शब्दातील उपरोध नजरेआड करता येत नाही. विद्यापीठीय प्रतिष्ठा आणि पूर्वग्रह यांचे साहचर्य तो एका शब्दात नोंदवतो. ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात पाठ्यपुस्तकांवर आणि कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग यांच्या परंपरेवर जी टीका येते, तिचेच हे सूचीरूप होय.

वाचनापूर्वीच निवाडा देणारी सूची वाचकाचे स्वातंत्र्य हिरावते, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु ड्यू बॉइस यांनी प्रतिपक्षाचे ग्रंथ गाळलेले नाहीत. अभिलेखागारांतील हस्तलिखितांपेक्षा छापील अहवाल आणि इतरांचे ग्रंथ यांवरच त्यांची मुख्यतः भिस्त होती (दक्षिणेतील अभिलेखागारे कृष्णवर्णीय संशोधकाला सहजी खुली नव्हती, हेही विसरता कामा नये). ज्यांचे निष्कर्ष त्यांना अमान्य होते त्यांच्याच ग्रंथांतील तथ्ये त्यांना उलट्या दिशेने वाचावी लागली. सूचीतील मथळे या वाचनाची रीत सांगतात.

मराठी वाचकाला हा वाद अगदीच परका नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा पुनर्रचना चालू होती. १८७७ मध्ये ती संपुष्टात आली. त्या मुक्तीचे पुढे काय झाले, याचे उत्तर वाचक फळीवरून कोणता ग्रंथ उचलतो त्यावर बदलते.

एरिक फोनर यांचा ‘रिकन्स्ट्रक्शन’ (१९८८) आता या विषयावरचा आधारग्रंथ मानला जातो, आणि ते योग्यच आहे. पण केवळ तेवढ्याचीच शिफारस करून बाउअर्स आणि डनिंग यांना वगळणारी सूची विद्यार्थ्याच्या हाती निष्कर्ष देते, वाद देत नाही. फोनर कोणाशी भांडत आहेत आणि ड्यू बॉइस यांचे ऋण ते का मान्य करतात, हे त्याला उमगणार नाही. बाउअर्स सूचीत राहावेत. मात्र ड्यू बॉइस यांनी योजला तसा मथळा त्यांच्यावर असावा.