तहानलेली दिसणारी झाडं

१८६३ साली युजेन वार्मिंग हा विशीतला डॅनिश विद्यार्थी ब्राझीलमधल्या मिनास जेराइस प्रांतात, लागोआ सांता या गावी पोचला. जीवाश्मांचे अभ्यासक पीटर लुंड यांचा लेखनिक म्हणून. तीन वर्षं तो तिथं राहिला. ‘लागोआ सांता’ हा ग्रंथ मात्र निघाला १८९२ मध्ये. इतकी वर्षं मनात मुरल्यामुळे असेल, पण त्यात प्रवासवर्णनाचा भाबडेपणा औषधालाही नाही.

विषय आहे सेराडो, म्हणजे ब्राझीलचा सवाना. गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली ठेंगणी, वेडीवाकडी झाडं. साल जाड नि भेगाळलेली, पानं चामड्यासारखी. वार्मिंगची नजर तिथं थांबत नाही, मातीखाली शिरते. अँडिरा लॉरिफोलियाचं वर्णन मला या ग्रंथाचा कळस वाटतं. वरून दिसतात सुटी सुटी झुडपं. खणलं की कळतं, हे एकच झाड आहे. खोड, फांद्या सारं जमिनीत पसरलेलं, वर आलेत ते नुसते शेंडे.

हे माळ म्हणजे वणव्यांनी खाल्लेलं जंगल, असं लुंड यांचं मत. लेखनिकाला ते पटलं नाही. वणव्याच्या खुणा त्यानंही पाहिल्या, पण मूळ कारण शोधलं ते कोरड्या ऋतूत आणि कोरड्या मातीत. मे ते सप्टेंबर पाऊस जवळपास नाही आणि झाडांचं रूप असं. दुसरं काय सुचणार?

१९४० च्या दशकात साओ पाउलोचे फेलिक्स राविचर आणि मारियो फेरी यांनी माती खोलवर तपासली. वरचा थर सुकलेला, पण दोनेक मीटरखाली ओल शाबूत. खोल मुळांची झाडं ऐन कोरड्या दिवसांतही पानांतून सढळपणे पाणी सोडत होती. मग हे रूप कशाचं? भुकेचं. आपल्या जांभ्याशी नातं सांगणारी ही लाल माती युगानुयुगांच्या पावसानं धुऊन निघालेली. कॅल्शियम, फॉस्फरस वाहून गेले. लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. १९५८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आरेन्स यांनी संगती लावली: ऊन आणि पाणी असल्यानं पान साखर करत राहतं, पण नायट्रोजन-फॉस्फरसावाचून वाढ खुंटते, आणि ती शिलकीची साखर जाड सालीत नि कडक पानांत जिरते.

गंमत म्हणजे, वार्मिंगच्या मताला छेद देणारा पुरावा त्याच्याच ग्रंथात आहे. लाल मातीवर सेराडो, शेजारच्या चुनखडीच्या खडकांवर जंगल. पाऊस तोच, आणि खडकावर तर पाणी आणखी कमी टिकतं! सिद्धांताला अडचणीची म्हणून त्यानं ही नोंद गाळली नाही, वाकवलीही नाही. निसर्गाच्या लेखकात मला याहून मोठा गुण माहीत नाही.

१९७३ मध्ये ग्रंथाचा पोर्तुगीज अनुवाद पुन्हा छापला गेला, तेव्हा त्याच बांधणीत सेराडोवरचं फेरींचं लेखनही आलं.