सावतराम रामप्रसाद मिल्स, अकोला : ले-ऑफविषयक निर्णयाची समीक्षा

प्रस्तावना

वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. अकोला व अचलपूर येथील कापड गिरण्या आणि अमरावती-अकोला जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंग कारखाने यांनी येथे शेतकऱ्यांबरोबरच एक कामगारवर्गही घडविला. संप आणि मोर्चे यांच्या अंगाने या वर्गाचा विचार होतो. न्यायालयीन वादांच्या अंगाने तो फारसा होत नाही. अकोल्याच्या सावतराम रामप्रसाद मिल्स प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा, १९६६ च्या निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झालेला निर्णय या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रस्तुत लेखात त्याचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंचा विचार केला आहे.

वादाचे स्वरूप

कोळसा, वीज वा कच्चा माल यांची टंचाई, साठलेला माल किंवा यंत्रातील बिघाड या कारणांनी हजेरीपटावरील कामगारास काम देता न येणे म्हणजे ले-ऑफ. येथे नोकरी तुटत नाही, पण चूल मात्र थंडावते. म्हणून औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ यात १९५३ मध्ये प्रकरण पाच-अ समाविष्ट करण्यात आले आणि अशा दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्या भरपाईचा हक्क देण्यात आला.

परंतु वऱ्हाडात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४७ चा स्वतंत्र औद्योगिक विवाद समझोता कायदा होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतरही तो काही वर्षे येथे चालू राहिला. त्यामुळे प्रश्न निर्माण झाला : अकोल्याच्या कामगारास ले-ऑफची भरपाई केंद्रीय कायद्याने मिळावी, की प्रांतिक कायद्याखालील स्थायी आदेशांवर त्याची बोळवण व्हावी?

न्यायालयाने कलम २५-ज चा आधार घेतला. विवाद मिटविण्याची यंत्रणा राज्याच्या कायद्याची असू शकते; परंतु ले-ऑफ व कामगारकपात यांसंबंधीचे हक्क आणि दायित्वे प्रकरण पाच-अ नुसारच ठरतील, असा या कलमाचा आशय होता.

समीक्षा

यंत्रणा आणि हक्क यांतील हा भेद हेच या निर्णयाचे खरे सामर्थ्य होय. दाद कोठे मागावी हे प्रदेशागणिक बदलू शकेल, पण किमान काय मिळावे हे बदलू नये, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. प्रांतरचनेच्या उलथापालथीत कायद्यांच्या सांध्यांवर उभ्या असलेल्या वऱ्हाडी कामगारास त्यामुळे देशातील इतर कामगारांच्या बरोबरीचे स्थान मिळाले.

तथापि, निर्णयाने ज्या प्रकरणाचे दार उघडले त्याचा उंबरठाच मुळात उंच होता. पन्नासांहून कमी कामगारांचे कारखाने त्यातील ले-ऑफ भरपाईच्या तरतुदींतून वगळलेले होते. एक वर्षाची अखंड सेवा आवश्यक असून त्यासाठी सामान्यतः वर्षात २४० दिवस काम भरावे लागते. बदली कामगारासही ही अट पूर्ण केल्याशिवाय संरक्षण नाही. २४० दिवस सिद्ध करण्याचा प्राथमिक भार सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या हादिमनी प्रकरणात कामगारावर ठेवला. हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात असतो! २००६ च्या येल्लट्टी प्रकरणात ही अडचण न्यायालयाने काही अंशी ओळखली, हे येथे नमूद केले पाहिजे.

याहून गंभीर बाब म्हणजे हंगामी कारखाने या प्रकरणातील ले-ऑफ भरपाईच्या तरतुदींच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. जिनिंगचे काम कापूस बाजारात येतो तेवढ्या महिन्यांचे. म्हणजे ज्या कापसावर गिरणी चालली, त्याच कापसाची सरकी वेगळी करणारा कामगार गिरणी कामगारास मिळालेल्या हक्कापासून दूर राहिला. हा दोष न्यायालयाचा नाही, तो कायद्याच्या रचनेतील आहे. परंतु वऱ्हाडापुरता विचार केल्यास तो किरकोळ म्हणता येत नाही.

सावतराम गिरणीचे १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले व पुढे ती बंद पडली. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली. तिने निम्म्या भरपाईचे तत्त्व राखले. पन्नास कामगारांची मर्यादा व हंगामी कारखान्यांचा अपवादही तसाच ठेवला. शिवाय ले-ऑफसाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याच्या बंधनाची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली.

निष्कर्ष

सदर निर्णयाने हक्काची समानता भूप्रदेशाच्या पातळीवर साधली; कामाच्या स्वरूपाच्या पातळीवर ती अद्याप साधावयाची आहे. मोठ्या गिरण्या मावळल्यानंतर वऱ्हाडातील कापूस-उद्योगाचा कामगार प्रामुख्याने हंगामी आणि लहान कारखान्यांतील आहे. अकोल्याच्या कामगारांनी जिंकलेला हक्क त्यांच्याच जिल्ह्यातील जिनिंग कामगारापर्यंत न पोहोचणे ही या न्यायनिर्णयाची अपुरी राहिलेली बाजू होय. ती पूर्ण करण्याचे दायित्व आता न्यायालयापेक्षा विधिमंडळावर अधिक आहे.