कमी खेळला, की खेळू दिलं नाही?

बेसबॉलच्या ‘सर्वश्रेष्ठ’ याद्यांत बेब रूथ कायम वर असतो. पण या याद्या बऱ्याचदा ‘वॉर’ या आकड्यावर उभ्या असतात: साध्या बदली खेळाडूपेक्षा याने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, त्याची कारकिर्दीभरची बेरीज. आता बघा, सामने कमी तर बेरीज लहान. जॉश गिब्सन कृष्णवर्णीय, म्हणून त्याला मेजर लीगचं दारच बंद. निग्रो लीगच्या नोंदलेल्या सामन्यांची संख्या बरीच कमी. 2024 मध्ये मेजर लीगने त्या नोंदी स्वीकारल्या, तेव्हा त्याची फलंदाजीची सरासरी .372 भरली, टाय कॉबची.367. सरासरीत पहिला, बेरजेत मागे! म्हणजे ही बेरीज नुसतं कौशल्य मोजत नाही, तेव्हाची बंदीही मोजते. यादी वाचताना तेवढं तपासाच.